हार-तुऱ्यांऐवजी पुस्तके

हार, तुरे, शाल, नारळ काही आणू नये, आणायचंच असेल तर पुस्तक आणावं, ही कल्पना सत्यजीतची. पुण्यातल्या कुठल्याशा डॉक्टरच्या पत्रिकेवर त्याने ती ओळ पाहिली आणि तिथल्या तिथे मोबाईलमध्ये तिचा फोटो काढून घेतला. बापूसाहेबांच्या पंचाहत्तरीच्या पत्रिकेवर ती लाल अक्षरांत, चौकटीत छापून आली. सत्यजीतने आपणहून पुस्तक उघडल्याचं घरात कुणालाच आठवत नव्हतं. पण कल्पना म्हणून ती झकास होती, न्हावऱ्यापासून शिरूरपर्यंत तिची चर्चा झाली, आणि सत्यजीतला चर्चा फार प्रिय.

गंमत अशी, की याच सत्यजीतला गावातलं वाचनालय मोडून काढायचं होतं.

दिवाळीतलं भांडण घरात अजून कुणी विसरलं नव्हतं. एसटी स्टँडसमोरचा हॉल आणि त्यातलं ‘कै. गेनूजी पाटील सार्वजनिक वाचनालय’ ही बापूसाहेबांची तरुणपणातली हौस. गेनूजी म्हणजे त्यांचे वडील. ते जन्मभर अंगठा उठवत आले आणि मेल्यावर वाचनालयाच्या पाटीवर चढले. अध्यक्ष बापूसाहेब, सचिव धाकटा मुलगा सत्यजीत, सदस्य बापूसाहेबांच्या पत्नी झुंबरबाई, आणि ग्रंथपाल थोरली सून नीलम, कारण घरात ग्रंथालयशास्त्राची पदवी असलेलं माणूस ते एकच. तिथे सत्यजीतला अभ्यासिका हवी होती. एसी, वायफाय, पोलीस भरतीच्या पोरांसाठी एकेकट्याची केबिनं, आणि देखरेखीला त्याची बायको राजनंदिनी. पुस्तकं रद्दीत. झुंबरबाई धाकट्या सुनेच्या बाजूच्या, कारण राजनंदिनी त्यांची सख्खी भाची. नीलमचा नवरा विनोद रांजणगावला कंपनीत शिफ्टा करायचा. तो म्हणाला, “तुमचं तुम्ही बघा,” आणि डबा घेऊन निघून गेला.

शेवटी आबांनी, म्हणजे बापूसाहेबांनी, निकाल दिला. “माझ्या पंचाहत्तरीपत्तूर बघू. लोकं पुस्तकं न्येत आसतील तर हॉल हाय तसा ऱ्हाईल. न्हाईतर गुढीपाडव्याला चावी सत्यजीतकडं.”

तेव्हापासून नीलम पाडव्याच्या धाकात होती. या घरात ती थोरली सून होती, विनोदची बायको होती, स्वयंपाकघरातलं निम्मं माणूस होती, पण स्वतःच्या नावाने ती फक्त त्या हॉलमधल्या खुर्चीवर बसत असे. ती खुर्ची गेली तर उरलेलं आयुष्य ‘अगं नीलम, चहा टाक’ एवढ्यातच जाणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

खुर्चीवर बसून ती काय करायची, तो भाग वेगळा. शिकली होती पुस्तकांची वर्गवारी. करत होती पीकविम्याचे अर्ज, रेशनकार्डाच्या झेरॉक्सा आणि म्हाताऱ्यांच्या बोटांचे ठसे उठत नाहीत म्हणून त्यांच्या अंगठ्याला व्हॅसलिन लावणं. लोक तिला ‘ऑनलाइनवाल्या वहिनी’ म्हणत. पुस्तक मागायला दिवसाकाठी एखादं माणूस आलं तर आलं, आणि तेही बऱ्याचदा एसटी चुकलेलं.

आणि मग, पंचाहत्तरीला आठवडा उरला असताना, चमत्कार झाला.

आधी आला गोकुळशेठ, कांद्याचा व्यापारी. “वहिनी, येखादं पुस्तक द्या. जाड द्या.”

“कशावर हवंय, शेठ?”

“कशावर बी चालंल. जरा नव्यावाणी दिसलं पायजे.”

नीलमने त्याला सहकार चळवळीवरचा ठोकळा दिला. त्याच्यामागून पिठाच्या गिरणीवाल्या गिताबाई आल्या. त्यांनी बोटानेच दाखवलं, “त्ये लाल कव्हरचं.” ते व्याकरणाचं होतं. नीलमने तसं सांगितलं, तर गिताबाई म्हणाल्या, “आसूं द्या की, व्याकरन वाईट आस्तंय व्हय?” पुढच्या दिवशी रांग लागली. कपाटातली चरित्रं गेली, प्रवासवर्णनं गेली, शेळीपालनही गेलं. कवितांची पुस्तकं मात्र कुणी नेली नाहीत, ती फार पातळ.

आता कुणाही शहाण्या माणसाने याचा अर्थ लावला असता. पण आनंद झालेल्या माणसाला अर्थ लावायला फुरसत नसते. आपण रोज मोबाईलच्या स्टेटसला एकेका पुस्तकाचा फोटो टाकतो, त्याचा हा परिणाम, असं नीलमने ठरवून टाकलं. तिने दौंडला मार्था मॅडमना फोन लावला. मार्था मॅडम म्हणजे रेल्वे कॉलनीजवळच्या तिच्या जुन्या शाळेतल्या ग्रंथपाल. त्यांना पाहूनच नीलमने ही लाइन घेतली होती.

“मॅडम, लोक वाचायला लागलेत! जाड जाड पुस्तकं नेतायत.”

मार्था मॅडम म्हणाल्या, “विषय कोणते नेतात?”

“सगळेच.”

“सगळेच विषय कुणी वाचत नसतं, नीलम. जरा चौकशी कर.”

नीलमला राग आला. मॅडमच्या लायब्ररीची आधी कॉम्प्युटर लॅब झाली, मग डिजिटल रूम, मग तिला कुलूप लागलं, आणि मॅडमना निवृत्त होईपर्यंत गैरहजर शिक्षकांचे तास, निवडणुकीची ड्यूटी आणि खिचडीचा हिशेब यांवर काढावं लागलं. त्यांचा विश्वास उडाला असेल, आपला कशाला उडावा, असं मनाशी म्हणून तिने फोन ठेवला. पण पंचाहत्तरीचं आमंत्रण मात्र आठवणीने दिलं.

सोहळा मंगल कार्यालयात झाला. मांडव, मटकीची उसळ, जिलबी, आणि स्टेजवर बापूसाहेब फेटा बांधून. लोक रांगेने येत होते, चकचकीत कागदात गुंडाळलेलं एकेक पुडकं आबांच्या हातात देत होते, फोटो काढून घेत होते आणि जिलबीकडे वळत होते. टेबलावर पुडक्यांचा ढीग झाला. हार एकही नाही. सत्यजीत माइकवरून दर पाच मिनिटांनी सांगत होता, “वाचनसंस्कृतीचा हा विचार आपल्या घरातून सुरू झाला, याचा मला अभिमान आहे.” दुसऱ्या रांगेत दौंडहून एसटीने आलेल्या मार्था मॅडम नीलमशेजारी बसून ढिगाकडे बघत होत्या.

“नीलम,” त्या हळूच म्हणाल्या, “न्हावऱ्यात पुस्तकाचं दुकान आहे?”

“नाही हो.”

“शिरूरला?”

“वह्या-पेनांची आहेत. का?”

“काही नाही. जिलबी छान झालीय.”

एवढ्यात आबा बोलायला उभे राहिले. बोलणं त्यांच्या हातातलं काम नव्हे, पण त्या दिवशी त्यांना भरून आलं होतं. “मला भाषान येत न्हाई,” ते म्हणाले. “घरात वाद चालला व्हता, की आता कोन वाचतंय. म्या म्हनलो बघू. म्या गेलो हॉलात. कपाटं मोकळी! समदी पुस्तकं लोकांच्या घरी. माझा बाप अंगठाबहाद्दर व्हता. आज त्याच्या नावाच्या वाचनालयातलं पुस्तक घराघरात हाय. आता मला मरायला हरकत न्हाई.” टाळ्या पडल्या. “हॉल तसाच ऱ्हानार. आन् ही जी तुमी पुस्तकं आनली, ती समदी म्या वाचनालयाला देतो. नीलम, ये बाळा, घे ताब्यात.”

नीलम स्टेजवर गेली. आबांनी चारचौघांत आपल्याला ‘बाळा’ म्हटलं हे चौदा वर्षांत पहिल्यांदाच, हे तिच्या ध्यानात आलं आणि ती रडली. खाली पाहुण्यांत गोकुळशेठ एकदम पाण्याचा ग्लास शोधू लागला. गिताबाईंनी पदर तोंडाला लावला. नीलमला वाटलं, त्यांनाही गहिवरून आलं असावं.

चार वाजता घरच्या पडवीत सतरंजी टाकून सगळे पुडकी सोडायला बसले. मार्था मॅडमनाही ठेवून घेतलं होतं, त्यांची एसटी सहाची. कागद चांगले होते म्हणून झुंबरबाई ते न फाडता घड्या घालून ठेवत होत्या. राजनंदिनीने पहिलं पुडकं सोडलं, पुस्तक उलटसुलट केलं आणि म्हणाली, “अय्या, नीलमताई, हे तर आपल्याकडं पण आहे ना?”

सहकार चळवळ. नीलमने ते हातात घेतलं. पाठीवरची क्रमांकाची चिठ्ठी खरवडलेली. आतल्या पहिल्या पानावर, जिथे वाचनालयाचा शिक्का असतो, तिथे गुलाबाच्या फुलाचं ‘हार्दिक शुभेच्छा’ असं स्टिकर चिकटवलेलं. वाचनालयवाले एक शिक्का आणखी मारतात, आतल्या कुठल्यातरी ठरलेल्या पानावर, पुस्तक चोरीला गेलं तर ओळखू यावं म्हणून. या वाचनालयाचं ते पान सतरावं. नीलमने सतरावं पान उघडलं. कै. गेनूजी पाटील जांभळ्या शाईत हजर होते.

तिने दुसरं पुडकं ओढलं. लाल कव्हर. व्याकरण. सतरावं पान. गेनूजी. तिसरं, शेळीपालन. गेनूजी. चौथ्याला तिने हात लावला नाही. मार्था मॅडम पडवीच्या खांबाकडे बघत बसल्या होत्या, आणि त्यांनी ‘मी म्हटलं होतं’ असं म्हटलं नाही, याबद्दल नीलमने त्यांचे मनातल्या मनात पाय धरले.

“काय झालं?” आबांनी विचारलं.

सांगावं लागलं नाही. सत्यजीतने दोन पुस्तकं चाळली आणि तो हसत सुटला. “आबा! हे बघा तुमचे वाचक! तुमचीच पुस्तकं तुमच्याच वाचनालयातनं उचलली, कागदात गुंडाळली आन् तुम्हालाच दिली. आन् तुम्ही परत वाचनालयाला दिली. वहिनींनी डोळ्याला पदर लावून घेतली!”

“भाऊजी, पुरे,” नीलम म्हणाली. पण तिचा आवाज बाहेर फुटला नाही.

आबांनी डोक्यावरचा फेटा काढला आणि मांडीवर ठेवला. सकाळी मरायला हरकत नसलेला माणूस आता फार म्हातारा दिसत होता. हसं झाल्याचं नीलमला वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त वाईट आबांच्या त्या चेहऱ्याचं वाटलं. हा आनंद त्यांना आपणच दिला होता. कपाटं मोकळी बघून आपण नाचत घरी आलो होतो.

झुंबरबाईंचा संताप निराळाच. “त्या गोकुळच्या पोरीच्या लग्नात म्या पैठणी न्येसवली! आन् त्यो मेला आमचंच पुस्तक आमाला आनून देतो? गिताच्या नातवाच्या बारशाला म्या चांदीचं वाळं घातलं!” पुडक्यागणिक त्यांना एकेक आहेर आठवत होता, आणि पुडकी पुष्कळ होती.

“आत्या, तरी मी सांगत होते,” राजनंदिनी म्हणाली, “लोकांना पुस्तक नकोय. पोरांना बसायला जागा हवीय. आत्ता पण सहा-सात पोरं हॉलच्या पायरीवर बसून अभ्यास करतात, बघा जाऊन.”

हे खरं होतं. नीलमला ते माहीत होतं, आणि राजनंदिनी खरं बोलली याचाच तिला जास्त त्रास झाला.

“मग झालं तर,” सत्यजीतने मांडीवर थाप मारली. “चावी पाडव्याला कशाला? उद्याच द्या.”

“म्या माइकवर बोललोय,” आबा म्हणाले.

“माइकवर बोललेलं बदलता येतं, आबा. आम्ही रोज बदलतो. लोकांना खरं काय ते सांगून टाकायचं.”

“काय सांगचाल?” झुंबरबाईंनी विचारलं. त्यांच्या हातात मघापासून एक मोठं पुडकं होतं, सोनेरी रिबीनवालं. वरती कार्ड: ‘परमपूज्य आबांस, सत्यजीत, राजनंदिनी आणि परिवार.’ पोराचं पुडकं म्हणून त्यांनी ते कौतुकाने शेवटी सोडायला बाजूला ठेवलं होतं. आता बोलता बोलता त्यांनी रिबीन ओढली. आत दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास, उशीएवढा. झुंबरबाईंना अक्षरओळख बेताची, पण आकडे चांगले येत. त्यांनी थुंकी लावून पानं उलटली, सतरावर थांबल्या, आणि पुस्तक तसंच उघडं सासऱ्यांच्या शिक्क्यासकट सतरंजीवर ठेवलं.

बाहेर गाडी पुसणाऱ्या पप्पूचं गाणं तेवढं ऐकू येत होतं. पप्पू सत्यजीतचा ड्रायव्हर.

“पप्प्या!” सत्यजीत ओरडला.

पप्पू फडकं हातात घेऊन आला. सतरंजीवरचं पुस्तक बघून त्याने एक पाऊल मागे घेतलं.

“तुला मी काय सांगितलं होतं? पुण्यातनं भारीतलं पुस्तक आण!”

“व्हय भाऊ. पर पुन्याला जायाला सोडलं कवा तुम्ही? रोज दौंडला मीटिंग. तुम्ही आत, म्या गाडीत. मग म्हनलं, घरातलं आसताना इकत कशाला आनायचं? वहिनींकडनं नेलं. भारीच हाय की त्ये. वजन बघा.”

“तू जा बाहेर.”

पप्पू गेला. जाताना त्याने पुस्तकाकडे वळून पाहिलं, हे नीलमला दिसलं, पण तिने त्याचा विचार केला नाही. ती सत्यजीतकडे बघत होती. त्याचं हसू कुठे गेलं ते त्यालाच सापडत नव्हतं. साखर कारखान्याची निवडणूक तोंडावर, आणि तो उमेदवार. बापाच्या पंचाहत्तरीला बापाच्याच वाचनालयातलं पुस्तक देणारा चिरंजीव, आणि ‘वाचनसंस्कृतीचा विचार आमच्या घरातून’ असं त्याचं रेकॉर्ड झालेलं भाषण. विरोधकांना दुसरं काही शोधायलाच नको.

“ही गोष्ट,” सत्यजीत म्हणाला, “या पडवीच्या बाहेर जाता कामा नये.”

“कशी जाईल?” झुंबरबाई म्हणाल्या, आणि त्या उठून नीलमच्या शेजारी येऊन बसल्या. आजवर त्या कायम राजनंदिनीच्या बाजूला बसत. “पोरी, तू काय बोलनार न्हाईस ना कुनाला? तुझ्या सासऱ्याची आब्रू हाय.”

सगळे नीलमकडे बघू लागले. राजनंदिनीसुद्धा, आणि तीही एकदम प्रेमाने. “ताई, मी चहा टाकते, तुम्ही बसा,” ती म्हणाली.

“वहिनी, सोपं आहे,” सत्यजीत म्हणाला. “ही पुस्तकं नवीन देणगी म्हणून दाखल करून टाका. बाहेर बोर्ड लावू, ‘बापूसाहेबांकडून ग्रंथभेट’. कुणाला पत्ता लागत नाही.”

“नाही,” नीलम म्हणाली.

“म्हणजे?”

“एकाच पुस्तकाचं मी दोनदा बारसं करणार नाही. ही पुस्तकं लोकांनी नेली होती, ती परत आली. एवढंच. तसंच मी घेणार.” आता तिचा आवाज नीट फुटत होता. “बाहेर मी काही बोलणार नाही, ते आबांसाठी. तुमच्यासाठी नाही, भाऊजी. आणि हॉल राहील. पायरीवरची पोरं आत येऊन बसतील. मागच्या भिंतीला टेबलं लावू, त्यांना पंखा पण हवा. नंदिनी, तुला यायचंय तर तूही ये. पण कपाटं हलणार नाहीत.”

सत्यजीतने तोंड उघडलं. मग सोनेरी रिबीन बघून मिटलं.

“मंजूर,” आबा म्हणाले. मग मांडीवरच्या फेट्यावरून हात फिरवत, “लोकांचं तरी काय चुकलं? आपनच सांगितलं पुस्तक आना. त्यांनी जितं व्हतं तितनं आनलं. आन् म्या तरी कुठलं वाचलंय त्यातलं?” तेवढं बोलून त्यांनी फेटा उचलला आणि ते आत गेले.

मार्था मॅडमना एसटीवर सोडताना नीलमला रडू आलं. “मॅडम, मी जिंकले ना? पण कशामुळं? कुणी काही वाचत नाही म्हणून. लाज वाटतेय मला.”

“मी हरले तेव्हा मलाही वाटली होती,” मॅडम म्हणाल्या. “वाटू दे. उद्या वेळेवर उघड.”

दुसऱ्या दिवशी तिने वेळेवर उघडलं. पुस्तकांवरची गुलाबाची स्टिकरं ओल्या फडक्याने सोडवत बसली. पायरीवरची पोरं आत आली होती, मागच्या भिंतीला मान खाली घालून बसली होती. एका आजोबांच्या अंगठ्याला व्हॅसलिन लावून झालं. कपाटं पुन्हा भरली होती, आणि भरलेल्या कपाटांकडे बघवत नाही असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

बाहेर सत्यजीतची गाडी थांबली. नीलमने मनाची तयारी केली. पण आत आला पप्पू. दारात चपला काढल्या आणि टेबलापासून दोन हात लांबच उभा राहिला.

“भाऊजींचं काही काम आहे का?”

“न्हाई. भाऊ गाडीत हायती, फोनवर.” त्याने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. “वहिनी, त्ये पुस्तक हाय का? कालचं. युद्धाचं.”

“आहे. का रे?”

“न्हाई, म्हंजी... म्या गाडीत बसून निम्मं वाचलं व्हतं. त्यो हिटलर पार रशियात घुसलाय, थंडी पडलीय, सैन्याकडं स्वेटर न्हाईत. आन् तेवढ्यात भाऊ म्हनले पॅकिंग कर.” तो ओशाळला. “फुडं काय झालं त्ये कळंना. राती झोप न्हाई. आज पुन्हा दौंडला मीटिंग हाय, लई येळ लागंल.”

नीलम उठली. पुस्तक शोधावं लागलं नाही, ते टेबलावरच होतं, एका कोपऱ्यात अजून सोनेरी कागदाचा तुकडा चिकटलेला. तो तिने नखाने काढला.

“कवा आनून द्यायचं?”

“वाचून झालं की आण.”

बाहेर हॉर्न वाजला. पप्पू दचकून निघाला, तसं तिने हाताने थांबवलं. शाईचा पॅड उघडला, शिक्क्यावरची तारीख पुढे सरकवली. हॉर्न पुन्हा वाजला, या खेपेला लांबलचक. मागच्या भिंतीची पोरं माना वर करून बघू लागली.

“थांब रे,” नीलम म्हणाली, “वाजू दे,” आणि तिने सावकाश, सरळ उमटेल असा शिक्का मारला.